दोसुतीवरचे टाके आणि घरचे शुभेच्छापत्र

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी बहुतेक शाळांतून शुभेच्छापत्रे बनविण्याचा एक तरी तास होतो. कार्डशीट, जलरंग, टिकल्या, जुन्या लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू असे साहित्य घेऊन मुले बसतात. अलीकडे पुष्कळ शाळांत हाच तास संगणकाच्या खोलीत भरतो. मुले माऊसने पणती काढतात, तिच्यात रंग ओततात, खाली 'हार्दिक शुभेच्छा' हे दोन शब्द टंकतात आणि कार्ड प्रिंटरमधून बाहेर येते. पाहणाऱ्याला पणती आणि शब्द ही एकाच कामाची दोन अंगे वाटतात. प्रत्यक्षात ती दोन निरनिराळ्या वाटांनी संगणकापर्यंत आली. पणती काढून छापणे घरगुती संगणकावर १९८४ च्या सुमारास सोपे झाले. ते दोन मराठी शब्द 'शब्द' म्हणून सर्वसाधारण संगणकाला समजायला मात्र २००० साल उजाडावे लागले. मधल्या सोळा वर्षांत आपण मराठीत जे काही संगणकावर जुळविले त्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न आमच्यापुढे एका फ्लॉपीमुळे उभा राहिला.

१९९४ साली आम्ही नववीत होतो. आमच्या वर्गशिक्षिका त्या वर्षी निवृत्त झाल्या. आम्ही काही विद्यार्थ्यांनी त्यांच्यासाठी दोन गोष्टी केल्या. शाळेतल्या एकुलत्या एका संगणकावर 'पेंटब्रश' नावाच्या आज्ञावलीने एक शुभेच्छापत्र काढले. त्या संगणकात मराठी अक्षरे नव्हती, म्हणून 'हार्दिक शुभेच्छा' हे शब्द माऊसने चक्क चितारले. माऊसने अक्षर काढणे म्हणजे मुसळाने रांगोळी काढण्यापैकी. अक्षरे तशीच आली. दुसरी गोष्ट म्हणजे आठ पानांची पुस्तिका. तिच्यात समारंभाचे निवेदन होते आणि बाईंविषयी तेवीस मुलामुलींनी लिहिलेल्या आठवणी होत्या. ती मात्र गावातल्या एका डीटीपीच्या दुकानात सुबक अक्षरांत जुळवून घेतली. कार्ड आणि पुस्तिका, दोन्ही एका फ्लॉपीवर उतरवून ती फ्लॉपी बाईंना दिली.

पुस्तिकेच्या थोड्याच प्रती काढल्या होत्या. त्या हरवत गेल्या. बाईंच्या स्वतःच्या प्रतीला वाळवी लागली आणि पहिले पान तेवढे उरले. गेल्या वर्षी भेटायला गेलो असता त्यांनी कपाटातून ती फ्लॉपी काढून दिली आणि म्हणाल्या, "अरे, यातल्या आठवणी पुन्हा वाचता येतील का बघा."

फ्लॉपी वाचता आली हे नशीबच. शुभेच्छापत्राचे चित्र क्षणात उघडले. तीच वाकडी पणती, तीच वाकडी अक्षरे. पुस्तिका उघडली तेव्हा मात्र पडद्यावर इंग्रजी अक्षरे, कंस, स्वल्पविराम आणि डॉलरच्या खुणा यांचा नुसता काला दिसला. एक शब्द लागेना. माऊसने चितारलेले शब्द तीस वर्षे टिकले होते आणि पैसे देऊन जुळवून घेतलेले नाहीसे झाले होते. असे का व्हावे?

छापखाना घरी येण्यापूर्वी

छापील शुभेच्छापत्रांची कथा बहुधा लंडनच्या हेन्री कोल यांच्यापासून सुरू करतात. १८४० साली इंग्लंडात एका पेनीत पत्र पाठविण्याची सोय झाली. ती अमलात आणण्याच्या कामात कोल होते. पत्रे स्वस्त झाली तशी नाताळात उत्तरे देण्याची जबाबदारी वाढली. १८४३ साली त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या आणि उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विकल्या. शिलिंग म्हणजे बारा पेन्स. तेव्हा कार्डाची किंमत टपालाच्या बारापट होती.

पुढची शंभर-सव्वाशे वर्षे स्थिती मुळात बदलली नाही. कार्ड एक तर विकत घ्यायचे किंवा हाताने काढायचे. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि मुंजीची निमंत्रणे छापखान्यात जात. तिथे जुळारी शिशाचे खिळे एकेक करून जुळवी, गणपतीच्या चित्रासाठी जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे आणि ट्रेडलवर छपाई होई. शाळेत सायक्लोस्टाइल यंत्र असे. त्यावर प्रश्नपत्रिका निघत, चित्रे क्वचितच. छापखान्यातली एक गोष्ट पुढच्या कथेसाठी लक्षात ठेवावी. खिळा हा निव्वळ आकार असतो. 'दि' या अक्षराची वेलांटी जुळारी आधी ठेवतो आणि 'द' नंतर, कारण कागदावर ती आधी दिसते. उच्चारात ती नंतर येते याच्याशी खिळ्याला काही देणेघेणे नसते.

रांगोळी की भरतकाम?

संगणकाने चित्र लक्षात ठेवायचे कसे, याची दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही आपल्या घरांत पूर्वीपासून आहेत.

ठिपक्यांची रांगोळी आठवा. ठिपके नुसते आधाराला असतात. खरे चित्र कोणता ठिपका कोणत्या ठिपक्याला जोडायचा यात असते. रांगोळीच्या वहीत ठिपक्यांचे अंतर सांगितलेले नसते. अंगण मोठे असेल तर तीच रांगोळी मोठी निघते आणि तिच्या रेषा तितक्याच स्वच्छ राहतात. १९६३ साली अमेरिकेत एमआयटी या संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी 'स्केचपॅड' नावाची आज्ञावली लिहिली. पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून तिच्यात रेषा काढता येत. संगणक त्या रेषेची दोन टोके लक्षात ठेवी. हा रांगोळीचा मार्ग.

दुसरा मार्ग दोसुतीवरच्या भरतकामाचा. दोसुतीच्या कापडावर उभ्याआडव्या धाग्यांच्या चौकटी असतात आणि प्रत्येक चौकटीत एक टाका घालायचा किंवा तो रिकामा सोडायचा. पोपट असो की तुळशीवृंदावन, शेवटी तो कोणत्या चौकटीत कोणता रंग याचा हिशेब असतो. १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रिचर्ड शूप यांनी 'सुपरपेंट' ही यंत्रणा उभी केली. तिच्या पडद्यावर आडवे ६४० आणि उभे सुमारे ४८० ठिपके होते आणि प्रत्येक ठिपका २५६ रंगांपैकी कोणत्याही रंगाचा करता येई. गुणाकार केला तर तीन लाखांवर ठिपके होतात आणि प्रत्येकासाठी एक बाइट स्मृती लागते. त्या काळी एवढी स्मृती ही चैन होती. घरात ती येणे अशक्यच.

घरात आणायचे तर ठिपके आणि रंग दोन्ही कमी करावे लागणार होते. जानेवारी १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश बाजारात आला. त्याच्या पडद्यावर ५१२ गुणिले ३४२ ठिपके होते आणि रंग दोनच, काळा व पांढरा. म्हणजे एका ठिपक्याला एक बिट पुरे. आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने सगळा पडदा २१,८८८ बाइटमध्ये मावला. त्याच्यासोबत बिल ॲटकिन्सन यांनी लिहिलेली 'मॅकपेंट' ही आज्ञावली आली. पेन्सिल, खोडरबर, रंग ओतणारी बादली ही चिन्हे आज पाचवीतली मुलेही ओळखतात. ती मॅकपेंटमुळे घरोघरी पोचली.

मॅकिंटॉशची अनेक चिन्हे आणि अक्षरांचे फाँट सुझन केअर या चित्रकर्तीने काढले. त्यांनी संगणकासाठी पूर्वी कधी काम केले नव्हते. सुरुवातीला त्यांनी आलेखाच्या कागदाची वही आणली आणि चौकटी काळ्या करीत चिन्हे काढली. हे काम मोझाइक आणि भरतकाम यांच्यासारखेच आहे, असे त्या सांगत. आमच्या घरी हे वाचून दाखविले तेव्हा आईने शांतपणे तिची १९७० सालची दोसुतीची उशी समोर आणून ठेवली. हंसाची एक जोडी, प्रत्येक हंस तीस बाय चोवीस टाके.

भेटकार्डाची आज्ञावली

मॅकिंटॉशची किंमत २,४९५ डॉलर होती. त्यामुळे घरगुती कार्डांची खरी लाट त्याच्यावर आली नाही. ती आली जुन्या व स्वस्त ॲपल-२ वर, आणि एका साध्या आज्ञावलीमुळे. डेव्हिड बॅल्सम आणि मार्टिन कान या दोघांनी ती लिहिली, ब्रॉडरबंड या कंपनीने १९८४ मध्ये प्रकाशित केली. नाव 'द प्रिंट शॉप', म्हणजे छापखाना.

गंमत अशी की या दोघांची मूळ कल्पना छपाईची नव्हती. पडद्यावर हलणारे शुभेच्छापत्र करायचे आणि ते फ्लॉपीवर घालून मित्राला द्यायचे, असे त्यांच्या मनात होते. प्रकाशकांच्या बाजूने सूचना आली की हे कागदावर का काढू नये? सूचना शहाणपणाची होती. फ्लॉपी पाहायला मित्राकडेही तसाच संगणक हवा. कागद पाहायला काहीच नको.

प्रिंट शॉप काही चित्रकाराचे साधन नव्हते. ती प्रश्न विचारी: कार्ड की सूचनाफलक की लांबलचक पताका? चौकट कोणती? चित्र कोणते? अक्षरे काय? उत्तरे दिली की छपाई सुरू. तिच्यातले प्रत्येक तयार चित्र ८८ गुणिले ५२ ठिपक्यांचे होते. म्हणजे ४,५७६ ठिपके, ५७२ बाइट. केकचा एक तुकडा, एक फुगा, एक हृदय, सगळे एवढ्यातच. आमचा सल्ला आहे की शिक्षकांनी मुलांना आलेख कागदावर ८८ बाय ५२ चौकटी आखून द्याव्यात आणि पणती काढायला सांगावी. कोणतीही चौकट अर्धी रंगवायची नाही, हा एकच नियम. ज्योतीचे टोक आणि तेलाची चकाकी यांत मुले किती डोके चालवितात ते पाहण्यासारखे असते.

दुसरी मौज घडीची. कागदाच्या एकाच बाजूला छापून चार पानी कार्ड करायचे तर कागदाची आधी आडवी आणि मग उभी घडी घालतात. अशा कोऱ्या घडीवर बाहेर 'वर' आणि आतही 'वर' असे बाण काढा आणि कागद उलगडा. आतले बाण उलटे दिसतील. म्हणून आतला मजकूर उलटा छापावा लागतो. प्रिंट शॉप हे आपोआप करी. खोक्यात रंगीत कागद आणि लिफाफेही घातलेले असत. लाखो घरांतून, शाळांतून आणि चर्चमधून त्या कर्कश आवाजाच्या प्रिंटरांवर वाढदिवसाच्या पताका निघू लागल्या. त्या पताकांना लांबीची मर्यादा नव्हती, कारण कागद घड्यांचा आणि सलग असे.

आपल्याकडे हे फारसे पोचले नाही. १९८४-८५ पासून 'क्लास' या सरकारी प्रकल्पात निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले होते, पण घरी संगणक ही दुर्मीळ गोष्ट होती. आणि तो असता तरी मराठी कार्ड छापण्यात वेगळीच अडचण होती.

ती अडचण प्रिंटरच्या डोक्यात होती. त्या वेळच्या सर्वसाधारण डॉट-मॅट्रिक्स प्रिंटरच्या डोक्यात एकाखाली एक अशा नऊ टाचण्या असत. डोके डावीकडून उजवीकडे सरके आणि टाचण्या शाईच्या फितीवर आपटून ठिपके उमटवीत. इंग्रजी अक्षरांना नऊ ठिपक्यांची उंची कशीबशी पुरे. आता 'हार्दिक शुभेच्छा' नऊ चौकटींत बसवून पाहा. शिरोरेषेला एक ओळ. 'र्दि' मध्ये शिरोरेषेच्या वर वेलांटी आणि रफार दोन्ही, त्यांना किमान तीन. 'शु'चा उकार शिरोरेषेपासून सर्वांत दूर, खाली, त्यालाही तीन. मधल्या अक्षराला उरल्या दोन ओळी! दोन ठिपक्यांच्या उंचीत 'द' आणि 'क' वेगळे दाखविता येत नाहीत. म्हणजे मराठी ओळ एका फेरीत उमटणेच शक्य नव्हते. तिचे चित्र करून डोक्याला दोन-तीन फेऱ्या घालायला लावणे हाच उपाय होता. आमच्या मते देवनागरीच्या संगणकावरील इतिहासात या नऊ टाचण्यांची नोंद व्हायला हवी.

बोरूचे वळण मोटारींच्या कारखान्यातून

ठिपक्यांचे चित्र मोठे केले की त्याच्या कडांना पायऱ्या येतात. सुंदर अक्षर हवे तर पुन्हा रांगोळीच्या मार्गाकडे वळावे लागते. पण रांगोळीत सरळ रेषा पुरतात, अक्षरात वळणे असतात. वळण थोडक्या बिंदूंत कसे सांगायचे?

याचे उत्तर फ्रान्समधल्या मोटारींच्या दोन कारखान्यांत सापडले. मोटारीच्या पत्र्याचे डौलदार वळण कामगारांना आणि यंत्रांना अचूक कसे सांगावे ही त्यांची अडचण होती. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेलज्यो यांनी १९५९ साली एक रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे त्याच वक्ररेषा वापरल्या आणि प्रसिद्धही केल्या, म्हणून नाव बेझिए यांचे लागले.

रीत नववीच्या विद्यार्थ्यालाही जमेल अशी आहे. आलेख कागदावर क (०, ०), ख (४, ८) आणि ग (८, ०) हे बिंदू घ्या. कख चा मध्य प (२, ४). खग चा मध्य फ (६, ४). आता पफ चा मध्य म (४, ४). हा म वक्ररेषेवरचा बिंदू झाला. मग क, प, म हे तीन बिंदू घेऊन तेच करा. (२, ३) मिळेल. म, फ, ग घेऊन करा. (६, ३) मिळेल. असे करीत गेले की क पासून ग पर्यंत गुळगुळीत कमान तयार होते. ती अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा, भाग असते. ख बिंदू कमानीवर कुठेच नसतो, पण तो हलविला की कमान त्याच्याकडे ओढली जाते. तीनऐवजी चार बिंदू घेतले की आणखी लवचीक वळणे मिळतात. तिरक्या कापलेल्या बोरूने काढलेली वेलांटी अशा काही कमानी जोडून तंतोतंत उभी करता येते आणि हवी तेवढी मोठी करता येते.

जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली अडोबी ही कंपनी काढली. चार बिंदूंच्या बेझिए वक्ररेषा वापरून पानाचे वर्णन करणारी 'पोस्टस्क्रिप्ट' ही भाषा त्यांनी तयार केली. १९८५ साली ॲपलचा लेझररायटर प्रिंटर आला. तो हे वर्णन वाचून इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात छापी. आठ इंच बाय दहा इंच छपाईचे ७२ लाख ठिपके होतात, नऊ लाख बाइट. म्हणून त्या प्रिंटरमध्ये दीड मेगाबाइट स्मृती आणि ज्याला तो जोडायचा त्या मॅकिंटॉशपेक्षा वेगवान प्रोसेसर होता! किंमतही तशीच, ६,९९५ डॉलर. त्याच वर्षी ऑल्डस कंपनीची 'पेजमेकर' आज्ञावली आली आणि पॉल ब्रेनर्ड यांच्यामुळे 'डेस्कटॉप पब्लिशिंग' हा शब्द रूढ झाला. त्याचेच आपण डीटीपी केले.

१९९० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांतूनही डीटीपीची दुकाने निघाली. एक संगणक, एक लेझर प्रिंटर, पेजमेकर आणि कोरलड्रॉ. लग्नपत्रिकेचा मजकूर जुळवायचा, ट्रेसिंग पेपरवर छाप काढायची आणि तिच्यावरून स्क्रीन प्रिंटिंग करायचे. जस्ताचे ब्लॉक गेले, हळूहळू खिळेही गेले. अक्षरे सुंदर होती, यात शंका नाही. पण ती कोणती अक्षरे आहेत हे संगणकाला ठाऊक नव्हते.

आकार आणि क्रमांक

इंग्रजी अक्षराच्या मागे संगणकात दोन गोष्टी असतात, एक त्याचा क्रमांक आणि दुसरा त्याचा आकार. कॅपिटल 'ए'चा क्रमांक ६५, हे १९६३ सालच्या आस्की या प्रमाणात ठरले. फाँट बदलला तरी ६५ हा ६५ च राहतो. देवनागरीचे फाँट करणाऱ्यांनी १९९० च्या दशकात एक जुगाड केला. इंग्रजी फाँटमध्ये जास्तीत जास्त २५६ जागा असत. 'ए'च्या जागेवर 'ए'चा आकार काढून तिथे एखादे मराठी अक्षर किंवा त्याचा तुकडा ठेवायचा. संगणकाला वाटे आपण इंग्रजीच लिहीत आहोत. पडद्यावर मात्र मराठी दिसे. कोणता तुकडा कोणत्या जागी ठेवायचा हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरविले. जुळाऱ्याच्या खिळ्यांची पेटी जशीच्या तशी संगणकात आली होती, फक्त दर दुकानातल्या पेटीचे कप्पे वेगळे.

याहून बरा मार्ग माहीत नव्हता असे नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले काम पुण्याच्या सी-डॅकने 'जिस्ट' या नावाने पुढे नेले. संगणकात एक जादा कार्ड बसवायचे, ते भारतीय लिप्यांची अक्षरे क्रमांकांनी साठवी आणि जोडाक्षरांचे आकार स्वतः तयार करी. हे क्रमांक 'इस्की' या भारतीय प्रमाणात १९९१ साली निश्चित झाले. पण इस्कीत मजकूर साठविणे आणि पेजमेकरमध्ये सुंदर पत्रिका जुळविणे या दोन कामांची गाठ दुकानात क्वचितच पडे. गिऱ्हाईक पत्रिका पाहून पैसे देते. फाइलमध्ये काय आहे हे कोण पाहतो?

१९९१ सालीच 'युनिकोड' या जागतिक प्रमाणाची पहिली आवृत्ती आली. तिने देवनागरीला १२८ जागा दिल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतली. 'ह'चा क्रमांक २३६१, 'द'चा २३४२. 'हार्दिक' हा शब्द युनिकोडमध्ये ह, काना, र, हलन्ताची खूण, द, वेलांटी, क असा सात क्रमांकांनी, उच्चाराच्या क्रमाने साठविला जातो. वेलांटी डावीकडे नेणे आणि 'र'चा रफार करून वर चढविणे हे काम पडद्यावर दाखविताना होते. हे काम विंडोज या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत प्रथम २००० साली आले. त्यासोबतचा 'मंगल' हा फाँट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटला होता. नऊ टाचण्यांपासून इथवर यायला सोळा वर्षे लागली.

आता बाईंच्या फ्लॉपीकडे. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या आज्ञावल्या आज मिळतात, पण आमच्या पुस्तिकेचा फाँट त्यांतल्या कोणत्याच यादीत बसेना. ते दुकान केव्हाच बंद झाले होते. मग आम्ही उलट बाजूने सुरुवात केली. वाळवीतून वाचलेले पहिले पान एका बाजूला आणि फाइलमधला काला दुसऱ्या बाजूला. फाइलमध्ये कोणती खूण किती वेळा येते ते मोजले. एक खूण बाकीच्यांच्या खूप पुढे होती. मराठीत काना फार वेळा येतो, म्हणून तो कानाच असावा असे धरले. तरीही ती संख्या जास्त वाटत होती. पहिल्या पानावरचे 'हार्दिक शुभेच्छा' खुणांशी जुळवून पाहिल्यावर कारण कळले. या फाँटमध्ये 'श'साठी स्वतंत्र जागाच नव्हती. अर्धा 'श्' आणि काना जोडून पुरा 'श' केलेला होता. जुन्या टंकलेखन यंत्रावरही असेच करीत. 'हार्दिक'मधली वेलांटी 'द'च्या आधी होती आणि रफार 'द'च्या नंतर, अगदी खिळ्यांच्या क्रमाने. त्या एका पानावरून आम्हाला एकशे चार खुणांची किल्ली मिळाली. पुढे ओळखीच्या शब्दांवरून आणखी काही उलगडल्या. आठवीच्या मुलांना गुप्तलेखनाचा पाठ शिकवायचा असेल तर याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही. तुमच्या गावातही अशी एखादी फाइल असेलच.

हे करीत असतानाच आमच्या मुलाच्या शाळेची एक सूचना फोनवर आली. तयार नमुन्यावर सुंदर जुळविलेली, कडेला फुले, मजकूर मराठीत, आणि सगळी मिळून एक चित्र. करणाऱ्याच्या साधनात तो मजकूर युनिकोडमध्येच असणार, पण पाठविताना त्याचे पुन्हा ठिपके झाले. फोनवर चित्रे बहुधा जेपेग या रीतीने लहान करून जातात. तिच्या मुळाशी बंगळूरमध्ये जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९७४ साली मांडलेले गणित आहे. हे गणित छायाचित्रातल्या सावकाश बदलणाऱ्या छटांसाठी उत्तम, पण अक्षराची तीक्ष्ण कड त्याला जड जाते. म्हणून दहा जणांनी पुढे पाठविलेल्या कार्डातल्या अक्षरांभोवती मळकट ठिपके दिसतात. आमच्या ओळखीचे एक पालक अंध आहेत. त्यांचा फोन मराठी मजकूर उत्तम वाचून दाखवितो, ती सूचना आल्यावर तो एवढेच म्हणाला, "चित्र." शाळेत फोन करून आम्ही हे कळविले. आता चित्राखाली तोच मजकूर टंकून येतो. टंकायला दोन मिनिटे लागतात.

पुस्तिकेतल्या तेवीस आठवणींपैकी बावीस पूर्ण लागल्या. तेविसावीच्या शेवटी लिहिणाऱ्याचे आडनाव आहे आणि त्यातल्या जोडाक्षराची खूण साऱ्या फाइलमध्ये दुसरीकडे कुठेच येत नाही. आम्ही तो मजकूर बाईंना फोनवर वाचून दाखविला. शाळेमागच्या विहिरीत पडलेला चेंडू काढायला बाई स्वतः दोर घेऊन आल्या होत्या, अशी ती आठवण आहे. बाई म्हणाल्या, "चेंडू आठवतो रे, पण त्या दिवशी विहिरीवर तुम्ही चौघे होतात." आम्ही चौघांपैकी दोघांशी बोललो आहोत. ते दोघे नाहीत.